चित्रे आणि संकेतस्थळे करून घेणाऱ्या मराठवाड्यातील संस्थांना व उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील उद्योजक, शिक्षणसंस्थाचालक, बियाणे व शेतमाल कंपन्यांचे व्यवस्थापक, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि प्रकाशक यांना,

स. न. वि. वि.

मी छत्रपती संभाजीनगरमध्ये राहून संकेतस्थळांची रचना आणि चित्रे काढण्याचे काम स्वतंत्रपणे करते. आपल्या आठ जिल्ह्यांत असे काम करणारी तरुण मंडळी आता पुष्कळ आहेत; कोणी लातूरच्या शिकवणी वर्गांची संकेतस्थळे करतात, कोणी जालन्याच्या बियाणे कंपन्यांची माहितीपत्रके, कोणी नांदेड-परभणीच्या महाविद्यालयांची. आपल्याकडे मला एकच गोष्ट मागायची आहे. कोणतेही काम सुरू होण्यापूर्वी एका पानाचा लेखी करार करण्याची पद्धत आपण पाडावी, आणि त्या पानावर काम नेमके किती, पैसे कधी, चित्रे कुठे कुठे वापरली जाणार आणि डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) कोणाच्या नावावर राहणार, हे चार मुद्दे स्पष्ट लिहिलेले असावेत. आज बहुतेक कामे फोनवरच्या बोलण्यावर आणि व्हॉट्सअॅपच्या निरोपांवर चालतात. संबंध चांगले असतात तोवर त्यात काही खटकत नाही. पण पहिला मतभेद होताच दोन्ही बाजूंना आपापल्या आठवणीवरच विसंबावे लागते.

करारात कामाची व्याप्ती लिहायची, तर ते काम काय असते हे आधी सांगितले पाहिजे, कारण बरेचसे गैरसमज तिथेच सुरू होतात. बीडचे सीताफळ, जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केसर आंबा आणि वसमतची हळद यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या मानांकनाचे सगळे बळ त्या त्या मातीत आहे. तरीही असा माल विकणाऱ्यांच्या संकेतस्थळांवर परदेशी चित्रसंग्रहातून घेतलेली केशरी रंगाची संत्री मोसंबी म्हणून झळकताना मी पाहते, आणि शेतकरी म्हणून पंजाबी पगडी बांधलेला माणूस गव्हाच्या शेतात उभा असतो. आपल्याकडच्या मोसंबीची साल हिरवट पिवळी असते. आपली जमीन काळी आहे, आपल्या जुन्या गावांतली घरे माळवदाची आहेत, आणि उतरत्या कौलांचे घर काढले की ते चित्र थेट कोकणात जाऊन बसते. लाल कंधारी गाय एकसारख्या गडद तांबड्या रंगाची असते आणि देवणीच्या पांढऱ्या अंगावर सहसा काळे ठिपके असतात. उदगीर-कंधारच्या पशुपालकाला हा फरक लांबून कळतो आणि चुकीचे चित्र दिसले की त्या पानावरचा त्याचा विश्वास तिथेच संपतो. कापसाचे फूल उमलते त्या दिवशी फिकट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी होते. कापसाच्या वाढीच्या अवस्था दाखवणारे चित्र हवे असेल, तर चित्रकाराला शेतात जावे लागते, एकाहून अधिक वेळा जावे लागते, आणि कृषी विद्यापीठाच्या माणसाशी किंवा जाणत्या शेतकऱ्याशी बोलून ते तपासून घ्यावे लागते. आपण ज्याचे पैसे देता त्यात हे सगळे असते. अलीकडे यंत्राने तयार केलेली चित्रे पाठवून ‘एवढे जरा नीट करून द्या’ असे सांगितले जाते. त्या चित्रांतील दुकानांच्या पाट्यांवरची देवनागरी जोडाक्षरे अनेकदा वाचता येत नाहीत, आणि असे चित्र दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने काढणे सहसा कमी वेळाचे असते.

आता सर्वांत जास्त प्रचलित असलेल्या प्रथेविषयी लिहिते. ‘दोन-तीन नमुने करून दाखवा, आवडले तर पुढचे बोलू’ असे सांगून चार-पाच जणांकडून बोधचिन्हाचे किंवा मुखपृष्ठाचे नमुने विनामूल्य मागवले जातात आणि त्यांतला एक निवडला जातो. काही वेळा तर एकही निवडला जात नाही, आणि महिन्याभराने त्यातल्याच कल्पनेवर आधारलेले दुसऱ्या कोणाचे तरी काम फलकावर दिसते. मागवणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे मी म्हणत नाही. पण आपल्याकडे बोअर घेताना पाणी लागो वा न लागो, फुटाप्रमाणे पैसे द्यावे लागतात, हे आपल्यातील प्रत्येकाला माहीत आहे. यंत्र चालले, डिझेल जळले, माणसे राबली, तेव्हा ते देणे रास्तच आहे असे आपण मानतो. कल्पनेच्या कामातही पहिले दोन दिवस हेच सर्वांत कष्टाचे असतात. मागवणाऱ्याच्या व्यवसायाचा, त्याच्या ग्राहकाचा आणि स्पर्धकांच्या चिन्हांचा अभ्यास त्याच दिवसांत होतो. चित्रकार पारखून घ्यायचा असेल तर त्याची आधीची कामे पाहावीत, ज्यांच्यासाठी ती केली त्यांच्याशी बोलावे, आणि तरीही नमुनाच हवा असेल तर नमुन्याची वेगळी, लहानशी का होईना, रक्कम आधी ठरवावी.

मोबदल्याच्या हप्त्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि तो मी जरा सविस्तर मांडते, कारण बाहेरून तो लक्षात येत नाही. बहुतेक ठिकाणी ‘साइट सुरू झाल्यावर पूर्ण पैसे’ असे ठरते. ऐकायला हे न्याय्य वाटते. प्रत्यक्षात संकेतस्थळ कधी सुरू होणार हे रचना करणाऱ्याच्या हातात फारसे नसते; ते मजकूर कधी मिळतो यावर अवलंबून असते. एखाद्या महाविद्यालयाला नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) पाहणीपूर्वी संकेतस्थळ हवे असते, रचना तीन आठवड्यांत तयार होते, आणि त्यानंतर विभागांची माहिती, प्राध्यापकांची छायाचित्रे, समित्यांचे अहवाल एकेक करून यायला लागतात. काही पत्रशीर्षावर स्कॅन केलेले, काही व्हॉट्सअॅपवरून पाठवल्यामुळे दर्जा घसरलेले, काही जुन्या मुद्रणालयाच्या फाइलींत अडकलेले. प्राचार्य बदलले तर सगळे थांबते. या काळात रचना करणाऱ्याचे काम झालेले असते आणि पैसे मात्र अडकलेले असतात. म्हणून माझी सूचना अशी की हप्ते संकेतस्थळ सुरू होण्याशी न बांधता रचनाकाराने पूर्ण केलेल्या टप्प्यांशी बांधावेत: सुरुवातीला 40 टक्के, रचना मंजूर झाल्यावर 30 टक्के आणि तयार पाने हाती सोपवल्यावर उरलेले 30 टक्के. मजकूर देण्याची अंतिम तारीखही त्याच पानावर लिहावी आणि संस्थेतर्फे मजकूर देणारी, मंजुरी देणारी एकच व्यक्ती नेमावी. पाच विश्वस्तांनी पाच वेगवेगळे रंग सुचवले की काम पुढे सरकत नाही आणि दोष मात्र रचनेला लागतो. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत धराव्यात, त्यापुढच्या दुरुस्त्यांचा दर आधीच ठरवावा, आणि काम मध्येच थांबले तर झालेल्या भागाचे पैसे द्यायचे हेही लिहून ठेवावे.

मजकुराचा विषय निघालाच आहे, तर मराठी अक्षरांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपल्याकडचा बराच जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समान संकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. तो फाँट नसलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडला की रोमन अक्षरांची अर्थहीन ओळ दिसते, आणि युनिकोडमध्ये बदलून घेतला तरी जोडाक्षरे, अनुस्वार आणि रफार ओळीओळीने तपासावे लागतात. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्दच घ्या. शेती कंपनीच्या संकेतस्थळावर तो शंभर ठिकाणी येतो. त्यातला ऱ्य दोन पद्धतींनी साठवला जातो. एका पद्धतीत मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असते आणि मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ते गळून पडले की ‘शेतकर्यांना’ असे अशुद्ध रूप दिसू लागते. ते गळून पडले नाही तरी अडचण उरतेच, कारण डोळ्यांना सारखेच दिसणारे हे दोन शब्द शोधयंत्राला वेगळे वाटू शकतात आणि पानावर शोधताना एक सापडतो, दुसरा सापडत नाही. ल आणि श यांची मराठी वळणेही हिंदीपेक्षा वेगळी आहेत. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नीट नोंदवले आणि ती वळणे असलेला फाँट निवडला तरच ती दिसतात. ‘मुक्त’, ‘नोटो सान्स देवनागरी’, ‘तिरो देवनागरी मराठी’ असे चांगले फाँट आज मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत, त्यामुळे खर्चाची सबब राहिलेली नाही. वेलांट्या, मात्रा आणि रुकार यांना जागा मिळावी म्हणून दोन ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे लागते. ‘मजकूर फक्त टाकायचा आहे’ असे म्हटले जाते तेव्हा या श्रमांची कोणाला कल्पना नसते. मजकूर युनिकोडमध्ये मिळणार की रूपांतर करून तपासावा लागणार, हे करारात आले तर त्याची किंमत दोघांनाही मान्य होईल.

चित्रांच्या हक्कांविषयी आपल्याकडे जवळजवळ कोणीच बोलत नाही. माझ्या ओळखीच्या एका चित्रकाराने एका कंपनीच्या संकेतस्थळासाठी पिकांची चित्रे काढली. पुढच्या हंगामात तीच चित्रे बियाण्याच्या पाकिटांवर, विक्रेत्यांच्या फलकांवर आणि प्रचाराच्या गाड्यांवर आली. कंपनीचे म्हणणे होते की पैसे दिले म्हणजे चित्रे आमची. चित्रकाराचे म्हणणे होते की दर फक्त संकेतस्थळापुरता सांगितला होता. लेखी काहीच नव्हते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा निर्माता असतो. नोकरीत केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जाते. आणि मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र यांबाबतही कायदा वेगळा करार नसल्यास मागवणाऱ्याला पहिला मालक मानतो. रेखाटने, आकृत्या, बोधचिन्हे, संकेतस्थळाचा कोड यांना हाच अपवाद सरसकट लावता येत नाही. संगणक प्रोग्रॅम तर कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीत मोडतात. म्हणजे एकाच संकेतस्थळावरील वेगवेगळ्या गोष्टींची मालकी वेगवेगळी ठरू शकते, आणि हा गुंता सोडवण्याचा सोपा मार्ग कायद्यानेच सांगितला आहे. कलम 19 प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते, त्यात काम कोणते, हक्क कोणते, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी हे नमूद करावे लागते. काळ लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षांचा आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ज्या कंपनीला आपले बोधचिन्ह कायमचे हवे आहे, तिने हे वाक्य पुन्हा वाचावे. कागद नीट नसेल तर त्यात चित्रकाराइतकेच तिचेही नुकसान आहे.

याच कायद्याच्या कलम 57 प्रमाणे हक्क दिल्यानंतरही निर्माता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड तो रोखू शकतो. प्रकाशकांना माझी यासाठीच वेगळी विनंती आहे. दिवाळी अंकांत आणि मुलांच्या पुस्तकांत आतल्या चित्रांच्या चित्रकाराचे नाव अजूनही पुष्कळदा नसते. मुलांच्या पुस्तकाचे अर्धे सांगणे चित्रांतून होते. लेखकाच्या नावाशेजारी चित्रकाराचे नाव छापायला एक ओळ लागते. त्या ओळीवरून त्याला पुढचे काम मिळते. मूळ, बदलता येणाऱ्या फाइली हव्या असतील तर त्याही आधीच मागाव्यात आणि त्यांचा दर वेगळा ठरवावा.

पैसे वेळेवर देण्याबाबत कायदा आपल्या समजुतीपेक्षा बराच कडक आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात सेवा देणारेही येतात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे काम स्वीकारल्यापासून लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, पैसे देणे बंधनकारक आहे. मुदत ठरलेलीच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते आणि तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे नेता येते. आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकरातही असा नियम आला की या मुदतीनंतर दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून वजावटीस पात्र ठरत नाही. हे सगळे मी धमकी म्हणून लिहीत नाही. आपल्यापैकी अनेक लघुउद्योजक वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यांना माल पुरवतात आणि आपले पैसे वेळेवर मिळावेत म्हणून याच तरतुदींचा आधार घेतात. तोच नियम आपण ज्यांच्याकडून काम घेता त्यांनाही लागू व्हावा, एवढेच माझे मागणे आहे. माझ्या व्यवसायबंधूंनीही उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवावी. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते.

कराबाबत दोनच गोष्टी सांगते. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांपर्यंत असलेल्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे जीएसटी क्रमांक नाही म्हणून लहान रचनाकाराचे बिल परत पाठवू नये. आणि टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला तर तो वेळेत भरून त्याच्या पॅनवर दिसेल असे पाहावे. कापलेली पण न भरलेली रक्कम परत मिळवणे एकट्या माणसाला फार जड जाते, आणि बँकेत कर्ज मागायला गेल्यावर हीच नोंद त्याच्या उत्पन्नाचा मुख्य पुरावा असते. रोखीने दिलेल्या पैशांचा असा पुरावा मागे राहत नाही.

आमच्या बाजूनेही काही गोष्टी लिहून द्यायला हव्यात, आणि त्या आपण आग्रहाने मागाव्यात. डोमेन नेहमी आपल्या संस्थेच्या नावावर, आपल्या ईमेलवर नोंदलेले असावे. आमच्या व्यवसायात काही जण ते स्वतःच्या नावावर ठेवतात आणि संबंध बिघडले की संस्थेला वेठीस धरतात. ही गोष्ट निषेधार्ह आहे आणि तिच्यामुळे प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांवरचा विश्वासही कमी होतो. .इन डोमेन एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदवता येते. नूतनीकरण चुकून डोमेन सुटले तर ते कोणीही घेऊ शकते, आणि महाविद्यालयाच्या जुन्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसण्याची वेळ येऊ शकते. होस्टिंगचे (संकेतस्थळ ठेवलेल्या सर्व्हरवरील जागेचे) आणि व्यवस्थापनाचे सर्व पासवर्ड शेवटच्या हप्त्याबरोबर संस्थेच्या हाती द्यावेत, बॅकअप कोण घेणार ते ठरवावे, वापरलेले फाँट आणि छायाचित्रे यांचे परवाने लेखी द्यावेत. चोरीचे सॉफ्टवेअर किंवा दुसऱ्याची चित्रे वापरणार नाही अशी हमी रचनाकाराने द्यावी, आणि तारीख चुकली तर किती रक्कम कमी होईल हेही त्याच पानावर यावे. पैसे वेळेवर मागण्याचा अधिकार आम्हाला हवा असेल तर या जबाबदाऱ्या घेणे आम्हाला टाळता येणार नाही.

अंबाजोगाई, सेलू, उमरगा, किनवट अशा गावांतून घरी बसून काम करू पाहणाऱ्या मुलींचा विचार हे पत्र लिहिताना माझ्या मनात सतत होता. पुण्याला जाऊन खोली भाड्याने घेणे ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे शक्य नाही, त्यांच्यासाठी हा व्यवसाय खराखुरा मार्ग आहे. लागतो तो एक बरा संगणक, इंटरनेट आणि हाताला असलेले वळण. त्यांच्यापैकी अनेकींना बिल पाठवल्यावर पुन्हा पुन्हा फोन करून पैसे मागणे अवघड वाटते, घरातूनही ‘असू दे, ओळखीचे लोक आहेत’ असे सांगितले जाते, आणि दोन-तीन कामांचे पैसे बुडाले की ते काम बंद पडते. त्यांच्या हाती एक सही केलेला कागद असेल, तर तारीख उलटल्यावर त्या त्याच्या आधाराने बोलू शकतील आणि समोरच्यालाही त्यात अपमान वाटणार नाही.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतील व्यापारी महासंघांना, उद्योजकांच्या संघटनांना आणि शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे की येत्या 1 एप्रिलपूर्वीच्या एखाद्या बैठकीत हा विषय घ्यावा, कारण वार्षिक देखभालीची आणि नव्या संकेतस्थळांची बरीच कामे नवीन आर्थिक वर्षात ठरतात. वर सांगितलेल्या मुद्द्यांचा एका पानाचा मराठी मसुदा मी तयार केला आहे. आपल्या संघटनेच्या वकिलांनी तो तपासावा, आपल्या सोयीचे बदल त्यात सुचवावेत. बैठकीला बोलावल्यास मी स्वखर्चाने येऊन प्रत्येक कलम समजावून सांगेन आणि आपले आक्षेप ऐकून घेईन.

कळावे,

आपली नम्र,
एक स्वतंत्र संकेतस्थळ-रचनाकार आणि चित्रकार
छत्रपती संभाजीनगर